बेळगावची हवा, समुद्राचं पाणी: लहान प्रवाळ-टाकीचं तापमान कसं सांभाळायचं

२०२४ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या ‘नोआ’ या हवामान आणि समुद्र-अभ्यास संस्थेनं जाहीर केलं की जगभरातली प्रवाळं पांढरी पडत आहेत, आणि इतक्या मोठ्या प्रमाणावर हे होण्याची ही चौथी वेळ आहे. त्याच उन्हाळ्यात आपल्या लक्षद्वीपच्या प्रवाळांनाही मोठा फटका बसला. कारण ऐकायला फार किरकोळ वाटतं: पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद-दीड अंशानं जास्त तापलं आणि तसंच तापलेलं राहिलं.

आता हाच प्रश्न बेळगावात, समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांवरच्या एखाद्या दिवाणखान्यात आणून ठेवा. शंभर लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी, आत दोन क्लाऊनफिश, थोडी मऊ प्रवाळं. एप्रिलात सकाळी पाणी २५ अंश, रात्री आठ वाजता २९. विचारलं की चारांतले तीन जण एकच उत्तर देतात: चिलर, म्हणजे पाणी गार करणारं यंत्र, घ्या.

मुंबईत किंवा कारवारात ते उत्तर बरोबर असेल. बेळगाव, चिकोडी, अथणीकडे ते बहुतेक वेळा महागात पडलेलं उत्तर ठरतं. आपल्याकडे उन्हाळ्यात माठातलं पाणी गार होतं, आणि ज्या हवेत माठ गार होतो त्या हवेत टाकीही गार होते. खरा धोका इथे वेगळाच आहे, आणि तो उन्हाळ्यात नाही, थंडी-पावसात येतो. त्याकडे पुढे येऊच.

एवढंसं तापमान वाढलं तर बिघडतं काय?

प्रवाळ हा प्राणी आहे. दगड नाही, वनस्पतीही नाही. पण त्याच्या पेशींमध्ये एकपेशीय शेवाळ भाडेकरूसारखं राहतं. त्याला झूझँथेली म्हणतात. हा भाडेकरू उजेडावर साखर तयार करतो आणि भाडं म्हणून तिचा मोठा वाटा घरमालकाला देतो. पाणी तापलं की शेवाळाचं हे यंत्र बिघडतं आणि साखरेबरोबर पेशींना जाळणारा, विषारी रूपातला ऑक्सिजन तयार व्हायला लागतो. मग प्रवाळ भाडेकरूला घराबाहेर काढतं. रंग शेवाळाचा होता, तो गेला की आतला पांढरा सांगाडा दिसतो. हेच ते पांढरं पडणं. प्रवाळ त्या क्षणी मेलेलं नसतं, पण त्याची चूल विझलेली असते.

माशांचं दुखणं निराळं. २५ अंशाच्या समुद्राच्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त पावणेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. ३० अंशाला तो सव्वासहावर येतो. म्हणजे पाणी जितकं गरम, तितका श्वास कमी, आणि नेमकी तेव्हाच माशाला गरज जास्त, कारण गरम पाण्यात त्याचं शरीर वेगानं चालतं. पहाटे हे सगळ्यांत वाईट असतं. रात्रभर शेवाळासकट सगळेच ऑक्सिजन खर्च करत असतात, कमावणारं कुणी नसतं.

म्हणून लहान टाकीसाठी २४ ते २७ अंश ही चौकट धरा आणि २५.५ हा मधला आकडा. पण आकड्यापेक्षा महत्त्वाचं हे की दिवस-रात्रीतला फरक एका अंशाच्या आत राहायला हवा. कायम २६.५ वर असलेली टाकी रोज २४ ते २८ असा झोका घेणाऱ्या टाकीपेक्षा कितीतरी सुखी असते, जरी दोन्हींची सरासरी जवळपास सारखीच निघाली तरी.

‘पण मे महिन्यात कारवारचा समुद्रही ३० अंशाला असतो की!’

असतो. पण तो ३० पर्यंत पोचायला कित्येक आठवडे घेतो आणि एका दिवसात फार हलत नाही. तिथल्या जीवांना जुळवून घ्यायला वेळ मिळतो. आणि लक्षात घ्या, समुद्रातली प्रवाळंही आधीच कड्याच्या टोकावर उभी आहेत. त्या जागेच्या सर्वांत उष्ण महिन्याच्या सरासरीहून एक अंश वर पाणी गेलं आणि काही आठवडे तसंच राहिलं, की पांढरं पडणं सुरू होतं. समुद्र ३० वर आहे म्हणून टाकी ३० वर ठेवायची, म्हणजे मधे काही चुकलं तर सावरायला जागाच ठेवायची नाही. टाकीत चुकायला तर शंभर वाटा.

उष्णतेचा जमाखर्च

टाकीचं तापमान म्हणजे दुकानाची वही. जमा जास्त झालं की पाणी तापतं, खर्च जास्त झाला की गार होतं. शंभर लिटर खारं पाणी एक अंशानं तापवायला साधारण ०.११ युनिट वीज लागते. शंभर वॉटचा हीटर हे काम तासाभराहून थोड्या जास्त वेळात करतो, पाण्याची उष्णता कुठे निसटली नाही तर.

जमेच्या बाजूला काय काय येतं ते पाहा. पाण्यात बुडालेला पंप जितके वॉट खातो तितकी सगळी उष्णता शेवटी पाण्यातच जाते. पाण्याला ढकलण्याचं कामही शेवटी घर्षणात संपतं, त्यामुळे यात सूट नाही. सम्प म्हणजे टाकीखालची गाळणीची दुसरी टाकी. तिथून पाणी वर चढवणारा २० वॉटचा पंप आणि लाटा करणारा १० वॉटचा वेव्हमेकर मिळून ३० वॉटचा हीटर दिवसरात्र चालू आहे असं समजा. एलईडी दिव्याचा काही हिस्सा त्यात मिळवा. उन्हाळ्यात खोलीची हवा पाण्यापेक्षा गरम असेल तर काचेतूनही उष्णता आत येते.

खर्चाच्या बाजूला काचेतून बाहेर जाणारी उष्णता असते, पण ती खोली पाण्यापेक्षा गार असेल तरच. दुसरी नोंद बाष्पीभवनाची. हा खर्च मोठा असतो आणि आपल्याकडे तो फुकटात होतो.

या वहीतली एक गोष्ट भल्याभल्यांना चकवते. खोली दुपारी तीन-चार वाजता सर्वांत तापते. शंभर लिटरची टाकी तिच्या मागोमाग चार-पाच तास उशिरानं तापते. म्हणून दुपारी दोनला थर्मामीटर पाहून ‘ठीक आहे की’ म्हणणारा माणूस फसतो. टाकीचा पारा रात्री आठ-नऊला माथ्यावर असतो. वरच्या मजल्यावर, स्लॅबखाली खोली असेल तर आणखी उशिरा, कारण स्लॅब दिवसभर खाल्लेलं ऊन रात्री ओकतो. जुन्या कौलारू घरात हा त्रास कमी. टाकी कुठे ठेवायची हे अजून ठरायचं असेल, तर तळमजल्यावरची, पश्चिमेची भिंत नसलेली खोली निवडा. पुढची निम्मी दुखणी तिथेच टळतात.

माठाचं गणित

माठ पाझरतो, वरचं पाणी उडून जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. किती? एक लिटर पाणी उडालं तर ते इतकी उष्णता नेतं की तेवढ्यात शंभर लिटर पाणी सहा अंशानं गार व्हावं. दिवसभरात एक लिटर उडणं म्हणजे २८ वॉटचा गारवा सतत चालू. कोरड्या एप्रिलात पाण्यावर पंखा मारला तर शंभर लिटरच्या टाकीतून दोन-तीन लिटर सहज उडतात. तीन लिटर धरले तर ८४ वॉट झाले. वर मांडलेली पंपांची आणि दिव्याची सगळी जमा त्यात वळती होते आणि वर शिल्लकही राहते.

पण हा खर्च होतो हवा कोरडी असेल तरच. कारवारात माठ नुसता ओला होतो, गार होत नाही. तिथे हवेत आधीच इतकी वाफ असते की नव्या वाफेला जागा मिळत नाही. तुमच्या खोलीत पंख्याचा उपयोग किती होईल हे कुणाला विचारत बसू नका, दहा मिनिटांत मोजता येतं. साध्या काचेच्या थर्मामीटरच्या टोकाला कापसाची किंवा मलमलची ओली चिंधी गुंडाळा. टाकीजवळ धरून त्यावर पंखा सोडा. पारा उतरत जाईल आणि एका आकड्यावर थांबेल. तो आकडा म्हणजे पंख्यानं गाठता येणारा तळ. त्याखाली कितीही पंखे लावले तरी पाणी जाणार नाही. प्रत्यक्षात ते त्या तळाच्या काही अंश वरच थांबतं, कारण पंप आणि दिवा जमा करतच असतात.

बेळगावच्या एप्रिलात बाहेर ३६ अंश आणि हवा कोरडी असताना ही चिंधी २०-२१ दाखवते. म्हणजे २५.५ गाठायला भरपूर वाव. अथणीकडे ऊन जास्त, पण हवाही कोरडी, त्यामुळे पंखा तिथेही चालतो. कारवारला मे महिन्यात ३३ अंश आणि दमट हवेत तीच चिंधी २८ च्या आसपास अडकते. तिथे पंख्याचे पैसे पाण्यातच गेले म्हणायचे.

आपल्याकडे कठीण काळ येतो तो मे महिन्याच्या उत्तरार्धात. वळवाचे दोन-चार पाऊस झाले की हवेत ओल येते, पण ऊन ओसरलेलं नसतं. चिंधी २४-२५ वर येते आणि पंख्याचा जोर निम्मा होतो. या दोन-तीन आठवड्यांची तयारी वेगळी लागते.

पंखा कुठे, कसा?

संगणकाचा १२० मिलिमीटरचा, १२ व्होल्टवर चालणारा पंखा पुरतो. तो दोन-तीन वॉट खातो, म्हणजे महिनाभर अखंड चालला तरी बिल दोन युनिटच्या आसपास. पाण्यापासून दहा-पंधरा सेंटिमीटर वर, थोडा तिरपा बसवा, म्हणजे वारा पाण्यावरून सरपटत जाईल. सरळ खाली मारला तर थेंब उडतात आणि आठवड्याभरात दिव्यावर मिठाचा थर चढतो. पंख्याला पक्की क्लिप हवी. पाण्यात पडलेला पंखा तर जातोच, शिवाय त्याचं तांबं पाण्यात उतरलं की कोळंबी-शंख यांच्यासाठी विष होतं.

सम्पवर पंखा लावायचा असेल तर कपाटाचं दार उघडं ठेवा. बंद कपाटात तो तीच दमट हवा पुन्हा पुन्हा फिरवतो. खोलीचंही तसंच: खिडकी बंद ठेवून दिवसाला तीन लिटर पाणी खोलीत उडवलं, तर हवा दमट होऊन पंखा लंगडा पडतो आणि भिंतीला बुरशी येते ती वेगळीच.

काचेचं झाकण असेल तर उन्हाळ्यात काढून त्याजागी जाळी बसवा. झाकण म्हणजे माठाला बाहेरून प्लास्टिक गुंडाळण्यासारखं आहे. जाळी मात्र हवीच. क्लाऊनफिश सहसा घरात राहतो, पण रॅस आणि गोबी जातीचे मासे सकाळी फरशीवर वाळलेले सापडतात.

आणि पंख्याची खरी किंमत विजेत नाही, मिठात मोजायची. पाणी उडतं, मीठ उडत नाही. किलोमागे ३५ ग्रॅम मीठ असलेल्या शंभर लिटरमधून रोज तीन लिटर उडाले आणि तुम्ही लग्नासाठी तीन दिवस गावी गेलात, तर परत येईपर्यंत पाणी ३८.५ वर पोचलेलं असतं. भर घालायची ती नेहमी गोड्या पाण्याची, खाऱ्या नव्हे. आणि तेही आरओचं, नळाचं किंवा बोअरचं नको. रोज त्याच खुणेपर्यंत भरा, किंवा तरंगत्या गोळ्याचा आपोआप भरणारा झडप-संच बसवा. त्याच्या साठ्याचा डबा मात्र दहा लिटरपेक्षा मोठा ठेवू नका. गोळा अडकला आणि सगळा डबा रिकामा झाला, तरी दहा लिटरनं मीठ ३२ च्या जवळ येतं. त्यातून टाकी सावरते. पन्नास लिटरचा पिंप जोडला असेल तर सावरण्यासारखं काही उरत नाही.

दिव्याच्या वेळा बदलायच्या का? जुन्या ट्यूबलाइटच्या नळ्या किंवा मेटल हॅलाइड जातीचे तापणारे दिवे असतील तर जरूर. एलईडी असेल तर फायदा थोडा, पण फुकटचा: पूर्ण जोराचा उजेड सकाळी सात ते दुपारी दोन ठेवा आणि संध्याकाळी पाहण्यापुरता मंद निळा. टाकीचा माथा रात्री आठला येतो, त्याच वेळी दिव्याची भर नको.

मग चिलर, एसी आणि बर्फाच्या बाटल्या?

चिलर म्हणजे टाकीचा फ्रिज. पाण्यातली उष्णता काढतो आणि मागच्या बाजूनं खोलीत सोडतो. कपाटात कोंडलेला चिलर स्वतःचीच गरम हवा खातो आणि दिवसभर धापा टाकत राहतो. कारवारात, किंवा कडक प्रवाळं दाटीनं ठेवलेल्या तीव्र दिव्यांच्या टाकीसाठी तो घ्यावाच लागेल. बेळगावच्या घरात मऊ प्रवाळांच्या शंभर लिटरसाठी आधी एक उन्हाळा पंख्यावर काढून पाहा, मग ठरवा. छोटा, दीडशे वॉटचा चिलर दिवसाला दहा तास चालला तर महिन्याला ४५ युनिट. ज्या खोलीत तसाही एसी लावला जातो तिथे चिलर घेण्यात अर्थ नाही, पण एसी फक्त रात्रीच लावत असाल तर सावध: तो दिवस-रात्रीचा झोका वाढवतो.

बर्फाची बाटली हा मे महिन्याच्या त्या दोन-तीन आठवड्यांसाठी उत्तम उपाय आहे, पण मापात. गोठवलेली अर्ध्या लिटरची एक बाटली शंभर लिटर पाणी जेमतेम अर्ध्या अंशानं उतरवते. म्हणून संध्याकाळी साडेसहाला एक, लागल्यास आठला दुसरी. बाटली बंदच राहू द्या. बर्फाचे खडे टाकले तर गोडं पाणी मिसळतं. बाटली सम्पमध्ये सोडताना पातळी अर्ध्या लिटरनं वाढणार हे धरूनच सोडा, नाहीतर काठोकाठ भरलेला सम्प फरशीवर उतरतो.

आणि पाणी खरंच ३० वर गेलेलं सापडलं तर? घाईत गार करू नका. दिवे बंद, खाणं बंद. वेव्हमेकरचं तोंड वर करून पृष्ठभाग खळाळता ठेवा, म्हणजे ऑक्सिजन कमी पडणार नाही. मग पंखा आणि एकेक बाटली, तीन-चार तासांत एक अंश अशा चालीनं उतरवा.

‘बेळगावात हीटर कशाला?’

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, आणि इथेच टाक्या मरतात.

जून ते सप्टेंबर बेळगावात दिवसाही पारा २८ च्या वर फारसा जात नाही, जुलै-ऑगस्टमध्ये तर २५-२६, रात्री २०-२१. खानापूरच्या बाजूला त्याहून कमी. कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत त्या हवेत पंख्याचं कामच नाही; टाकीला ऊब हवी असते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे बाहेर १३-१४, खोलीत १७-१८. म्हणजे वर्षातले सहा-सात महिने हीटर चालतो आणि जेमतेम तीन महिने पंखा. आपल्याकडची प्रवाळ-टाकी ही मुळात गार हवेतली टाकी आहे.

हिशेब असा: खोली १८ आणि पाणी २५.५ असताना शंभर लिटरची टाकी साधारण ९० वॉट गमावते. पंप त्यातले ३० भरून काढतात. उरलेल्या ६० साठी शंभर वॉटचा हीटर पुरेसा आहे. दुकानात मात्र ‘मोठा घ्या, लवकर तापेल’ म्हणून २०० वॉटचा हातात ठेवतात.

तो घेऊ नका, कारण हीटर बिघडतो तेव्हा बहुतेकदा बंद पडत नाही, चालूच राहतो. आतल्या तापमान-खटक्याचे संपर्क हजारो वेळा जुळून-सुटून एक दिवस चिकटतात. २०० वॉटचा चिकटलेला हीटर सुरुवातीला तासाला पावणेदोन अंशानं पाणी तापवतो. रात्री झोपताना २५.५ असलेली टाकी पहाटेपर्यंत ३५ च्या घरात. त्याऐवजी ५० वॉटचे दोन घ्या. एक चिकटला तर पंपांची ऊब धरूनही पाणी खोलीपेक्षा सहा-सात अंशच वर चढू शकतं आणि दुसरा आपोआप गप्प बसतो. एक बंद पडला तर दुसरा टाकीला तग धरून ठेवतो. दोन छोटे हीटर हा या सगळ्या लेखातला सर्वांत स्वस्त विमा आहे.

दुसरा पहारा बाहेरच्या कंट्रोलरचा. एसटीसी-१००० नावाचा छोटा डबा बाजारात सगळीकडे मिळतो. त्यात एक सेन्सर आणि दोन खटके असतात, एक तापवायला, एक गार करायला. हीटर पहिल्यावर, पंख्याचा अॅडॅप्टर दुसऱ्यावर. एफ१ मध्ये हवं ते तापमान, म्हणजे २५.५ भरा, एफ२ मध्ये चालणारा फरक, म्हणजे ०.५. मग २५ ला हीटर सुरू होतो, २५.५ ला बंद. २६ ला पंखा सुरू, २५.५ ला बंद. दोघं एकमेकांशी कधी भांडत नाहीत. एफ३ हा कॉम्प्रेसरसाठीचा थांबा आहे. पंख्याला त्याची गरज नाही, एक मिनिटावर ठेवा. हीटरची स्वतःची चकती २६.५ वर ठेवा, म्हणजे कंट्रोलर चिकटला तरी हीटर आपला आपण थांबेल. एप्रिलात एफ१ हळूहळू २६ वर न्या, डिसेंबरात २५ वर आणा, दर दोन-तीन दिवसांनी ०.१ अशा चालीनं. ऋतूप्रमाणे सरकणं प्रवाळाला मानवतं आणि पंखा-हीटर दोघांचंही ओझं हलकं होतं.

या डब्याच्या मागे २३० व्होल्टचे स्क्रू उघडे असतात. इलेक्ट्रिशियनकडून तो प्लास्टिकच्या बंद पेटीत बसवून घ्या. प्रत्येक वायरीला प्लगच्या आधी खाली झोळ द्या, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं खारं पाणी झोळाशी टपकेल, सॉकेटात शिरणार नाही. टाकीच्या लाइनीवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा खटका, हवाच. यात काटकसर नको.

सेन्सर कुठे ठेवता यावर सगळं अवलंबून आहे. तो आणि हीटर सम्पच्या अशा कप्प्यात ठेवा जिथे पातळी कधी घटत नाही. परतीच्या पंपाच्या कप्प्यात पाणी उडून कमी होतं. तिथला हीटर उघडा पडून तडकतो. आणि सेन्सर सटकून हवेत लटकला, तर जानेवारीच्या रात्री तो १७ अंश दाखवत राहतो आणि कंट्रोलर इमानदारीनं हीटर पेटवत राहतो. प्लास्टिकच्या टायनं त्याला पक्कं बांधा, सक्शन कपावर विसंबू नका. खाऱ्या पाण्यात रबर काही महिन्यांत मरतं.

वीज गेली तर

वळवाच्या वाऱ्यात झाड पडलं की दोन-चार तास अंधार ठरलेला. पहिली भीती तापमानाची वाटते, पण आधी संपतो तो ऑक्सिजन. शंभर लिटर पाणी थंडीतही तासाला साधारण अर्धा-पाऊण अंशच घसरतं. गच्च भरलेली टाकी मात्र पाणी स्थिर झाल्यावर काही तासांतच गुदमरायला लागते.

म्हणून घरच्या इन्व्हर्टरवर वेव्हमेकर जोडा, हीटर नको. १५० अँपिअर-तासाच्या बॅटरीतून हजारेक वॉट-तास मिळतात असं धरा. त्यावर १० वॉटचा वेव्हमेकर दिवसभराहून जास्त फिरेल. १०० वॉटचा हीटर तीच बॅटरी आठ-दहा तासांत पिऊन टाकेल आणि घरात पंखाही राहणार नाही. इन्व्हर्टर नसेल तर सेलवर चालणारा हवेचा पंप ठेवा. थंडीत टाकीच्या मागच्या आणि बाजूच्या काचांना थर्माकोल लावा, वरून गोधडी टाका, पण पाण्याच्या वर हवेला जागा ठेवून.

पाणी बदलताना आणि नवे जीव आणताना

दहा लिटर नवं पाणी १८ अंशाचं असेल तर टाकी एकदम पाऊण अंशानं खाली येते. आदल्या दिवशी बादलीत मीठ विरघळवतानाच जुना छोटा हीटर टाकून ठेवा. टाकीतला हीटर पाणी काढण्याच्या पंधरा-वीस मिनिटं आधी बंद करा. गरम काच हवेत आली की तडकते.

रात्रीच्या बसनं आलेली पिशवी थेट ओतू नका. वीस मिनिटं टाकीत तरंगू द्या, मग थोडंथोडं टाकीचं पाणी मिसळत जा. आणि ती घेण्याआधी एक गोष्ट: १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात दगडी प्रवाळं आणि समुद्रपंखे पहिल्या परिशिष्टात आहेत. मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणीला किंवा कुठल्याही किनाऱ्यावर ती काढणं, विकणं, घेणं हा गुन्हा आहे. बाहेरदेशातून आलेल्या प्रवाळांची कागदपत्रं मागायला लाजू नका.

थर्मामीटर खोटं बोलत असेल तर?

बाहेरून काचेवर चिकटवायची रंगीत पट्टी खोलीचं आणि पाण्याचं मिळून काहीतरी सांगते. ती काढून टाका. कंट्रोलरचा सेन्सरही नवा असतानाच एखाद्या अंशानं चुकू शकतो. फुलपात्रात ठेचलेला बर्फ गच्च भरा, त्यात फटी भरण्यापुरतं आरओचं पाणी घाला, ढवळा, पाच मिनिटं थांबा. सेन्सर मधोमध धरा, तळाला टेकवू नका. आकडा शून्य यायला हवा. ०.८ आला तर एफ४ या चूक-दुरुस्तीच्या खान्यात उणे ०.८ भरा. वर्षातून दोनदा, पंखा सुरू करण्याआधी मार्चमध्ये आणि हीटर सुरू करण्याआधी जूनमध्ये, हे करा. मधल्या काळात काचेचा साधा थर्मामीटर टाकीत कायम राहू द्या. दोघांत अर्ध्या अंशाहून जास्त फरक पडला, तर त्या दिवशी बर्फाचं फुलपात्र पुन्हा काढायचं.